पुढच्या नंबरची गाडी

दार उघडलं तेव्हा त्याला आपली रेघ दिसली. चालकाच्या बाजूचं पुढचं दार. ते पूर्ण उघडल्यावर बिजागरीजवळ, रबरी पट्टीच्या आतल्या अंगाला, जिथे गाडीचा मालकसुद्धा कधी बघत नाही, तिथे मेणाच्या पांढऱ्या पेन्सिलची पेरभर लांबीची आडवी रेघ होती, शेवटाला किंचित खाली वळलेली. ती त्याने स्वतः ओढली होती, बावीस दिवसांपूर्वी, शहराबाहेरच्या यार्डात, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. एकतीस वर्षं तो रंगाच्या कारखान्यात शेड जुळवत होता. गिऱ्हाइकाकडून आलेला नमुना आणि कारखान्यात बनलेला रंग दोन पत्र्यांवर शेजारी शेजारी ठेवायचे आणि ते एकच आहेत की नाहीत ते सांगायचं, एवढंच काम. आणि जो पत्रा नाकारला त्याच्या पाठीवर कोपऱ्यात अशी रेघ ओढायची, म्हणजे तो फिरून टेबलावर येत नाही. हा नियम कारखान्याचा नव्हता, त्याचा त्यानेच केला होता, आणि हाताला तो इतका बसला होता की यार्डात गाडी नाकारताना खिशातली पेन्सिल कधी बाहेर आली हे त्याला कळलंही नव्हतं. आता तीच गाडी त्याच्या इमारतीच्या फाटकाशी उभी होती, आणि तिचं दार धरून त्याचा साडू म्हणत होता, “बसा साडूभाऊ. पहिला मान थोरल्या जावयाचा.”

तो बसला. न बसण्यासारखं कारण त्याला सुचलं नाही. आत नव्या कापडाचा आणि गरम प्लास्टिकचा वास होता. कापडी सीट, हाताने टाकायचे गियर, छताला काच नाही, मागच्या काचेला पुसणी आहे. एकेक गोष्ट तो ओळखत गेला, जशी शाळेच्या हजेरीत नावं ओळखावीत. यातली प्रत्येक त्याने पाच महिने आधी शोरूमच्या फॉर्मवर स्वतःच्या अक्षरात लिहिली होती. मागच्या सीटवर त्याची बायको आणि तिची धाकटी बहीण केव्हाच जाऊन बसल्या होत्या. त्या बहिणीला घरात सगळे बेबी म्हणतात, सत्तेचाळीस वर्षं झाली तरी. बेबी पुढे वाकून म्हणाली की भाऊजी, तुमच्यासारखीच घेतली बरं का, हे म्हणाले, भाऊजींनी निवडलंय म्हणजे आपण डोकं चालवायचं नाही. साडू बाहेरून खिडकीत वाकून हसला आणि म्हणाला की डोकं आपल्याकडे नाहीच, निदान गाडी तरी असू दे. बायकोही हसली. मग तिने विचारलं की आपली कधी येणार म्हणाल्या त्या शोरूमच्या बाई, आणि तो समोरच्या काचेतून फाटकाकडे बघत म्हणाला, पुढच्या महिन्यात. गाडी येऊन गेली, आपण ती नाकारली, हे त्याने घरी सांगितलं नव्हतं.

गाडीचा रंग करडा होता, पण नुसता करडा नव्हता. कंपनीने त्याला कसलंतरी समुद्राचं नाव दिलं होतं, त्याचा काही संबंध नव्हता. शोरूमच्या बाईंनी रंगांचं पुस्तक पुढे सरकवलं तेव्हा चौथ्या पानावर त्याचं बोट थांबलं होतं ते वेगळ्याच कारणाने. पहिली-दुसरीत असताना दगडी पाटी ओल्या फडक्याने पुसली की ती काळी व्हायची, आणि वाळताना काळी आणि करडी यांच्या मधल्या एका जागी क्षणभर थांबायची. त्या क्षणी तिच्यात खोलवर कुठेतरी हिरवं दिसायचं. मग पाटी वाळायची आणि हिरवं जायचं. तो पुन्हा पुसायचा. गणितं राहून जायची. मास्तरांनी एकदा विचारलं की पाटी घासून भोक पाडणार आहेस का, आणि सगळा वर्ग हसला, आणि त्याला कळलं की हे आपल्याशिवाय कुणाला दिसत नाही. पुढे त्याच्या आयुष्याची रोजीरोटी त्याच कळण्यावर चालली. कारखान्यात त्याला ‘डोळा’ म्हणत. डोळ्याकडे पाठवा, डोळा काय म्हणतो, डोळ्याने सोडलं का. पुस्तकातल्या त्या चौकोनात पाटी कायमची त्या क्षणाला थांबलेली होती. बाई म्हणाल्या होत्या की हा रंग कुणी मागत नाही, पांढरी छताच्या काचेसकट हवी तर उद्या देते. त्यांचा चष्मा दोरीला बांधून गळ्यात लटकत असे आणि फॉर्म भरताना त्या तो डोळ्यांवर न चढवता नुसता हातात धरून वाचत. त्यांनी मन लावून त्याला वळवायचा प्रयत्न केला. स्वयंचलित गियर घ्या, आता गुडघे काय तरुण होत नाहीत. काचेचं छत घ्या, विकताना बरं पडतं. तो प्रत्येक वेळी नाही म्हणाला. शेवटी त्या म्हणाल्या, “तुम्हाला गाडी नको आहे साहेब, तुम्हाला हीच गाडी हवी आहे.” त्याला ते आवडलं होतं. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं आणि पुढच्या रविवारी साडूलाही सांगितलं, रंगाचं पान मोबाइलवर दाखवून, गियर, कापड, पुसणी सगळं. साडू मान हलवत ऐकत होता. पंधरा दिवसांनी साडूने त्याच शोरूममध्ये जाऊन त्याच बाईंना सांगितलं की साडूभाऊंनी घेतली तीच द्या. हे आता कळत होतं. यादीत त्याच्यानंतरचा नंबर साडूचा होता.

साडूचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. आमचं नशीबच वर-खाली, हा त्याचा ठरलेला विनोद. तसं पाहिलं तर गेली वीस वर्षं साडू त्याच्या मागेमागेच चालत होता, आयत्या पिठावर रेघोट्या ओढत. त्याने घरासाठी सहा दुकानं फिरून फरशी ठरवली, साडूने फोनवर दुकानाचं नाव विचारून तीच बसवली. त्याने दिवाणखान्याच्या भिंतीसाठी स्वतः चार शेड मिसळून पाचवी काढली, साडूने डबा मागून नेला. आणि प्रत्येक वेळी ती गोष्ट साडूच्या घरात जास्त शोभली. याचं त्याला कोडं होतं. फरशी तीच, पण साडूच्या घरी लोक तिच्यावर मांडी घालून बसत, सांडत, पुसत, लवंडत. त्याच्या घरी ती नुसती असायची. भिंतीचा रंग तोच. तिथे भाचीने त्यावर उंचीच्या खुणा केल्या होत्या, त्या कुणी पुसल्या नव्हत्या. बायको बेबीकडून परत आली की दोन दिवस तिचा आवाज मोठा असे. निवडायचे कष्ट आपले आणि सुख त्यांचं, अशी ही वाटणी कुणी केली हे त्याला कळत नसे. आपण जळतो हे मात्र कळत असे. शेड ओळखायला तो कधी चुकला नव्हता.

गाडी दाखवायला आणली त्या रविवारी साडूने सगळ्यांना घेऊन एक चक्कर मारली. तो मागे बसला, बायको पुढे. गाडीतून उतरल्यावर त्याने पुन्हा ते दार बघितलं, लांबून, मान जराशी तिरकी करून. पुढचं दार आणि त्याच्या पुढचा पत्रा. दार उबदार बाजूला झुकलेलं होतं, अगदी थोडं, दुधात केशराची काडी फिरवून काढावी एवढं. दिसत होतं. त्याला हायसं वाटलं. कारखान्यातून गाडी यार्डात येईपर्यंत कुठेतरी त्या दाराला ओरखडा पडला असणार, कुणीतरी ते गुपचूप रंगवून घेतलं असणार, आणि साडूने ते बघितलंसुद्धा नाही. म्हणजे साडूकडे होती ती त्याची गाडी नव्हतीच. त्याने टाकलेली होती. हा विचार त्याने घरात नेला आणि पुढचे कितीतरी दिवस तो जिभेखाली धरून ठेवला, खडीसाखरेसारखा.

पण खडीसाखर विरघळते. बुधवारी बायको बेबीबरोबर गाडीतून कुठेतरी जाऊन आली आणि जेवताना सांगू लागली की ते सीट इतकं छान आहे, उतरताना गुडघ्याला कळसुद्धा येत नाही. तिचा उजवा गुडघा दोन वर्षं दुखत होता, बसच्या पायरीवर ती आधी डावा पाय ठेवी आणि मग दांडा धरून स्वतःला वर ओढी. गाडी घ्यायची ठरली ती त्या पायरीमुळे. तो भात कालवत म्हणाला की कापड चांगलं निवडलंय. ती म्हणाली, हो, त्यांची निवड चांगली असते. मग जीभ चावून हसली, म्हणजे तुमचीच. त्याने पुढचा घास घेतला. दार खोटं आहे हे एकदा तिला सांगता आलं असतं तर सगळं सरळ झालं असतं: मी नाकारली, का नाकारली, आणि तुझ्या बहिणीच्या नवऱ्याने तीच कशी घेतली. पण ते सांगायला नुसतं दिसणं पुरेसं नव्हतं. पूर्वी पुरलं असतं. आता तिने विचारलं असतं की नक्की ना, आणि तो त्या एका प्रश्नाला घाबरत होता, कारण हल्ली तो प्रश्न कारखान्यातही विचारला जात होता.

गेल्या वर्षी कारखान्यात रंग वाचणारं यंत्र आलं होतं. पत्र्यावर टेकवायचं, कळ दाबायची, आकडा येतो. साहेबांनी तेव्हा सगळ्यांदेखत सांगितलं की यंत्र मदतीला आहे, शेवटचा शब्द डोळ्याचा. वर्षभर तसंच चाललं. यंत्र आणि तो एकच बोलत. कारखान्याच्या भाषेत कुठल्याही उजेडात जुळतात त्या दोन रंगांना सख्खे म्हणत, आणि उन्हात जुळतात पण दिव्याखाली फाटतात त्यांना सावत्र. यंत्राला तीन वेळा उजेड बदलून जे सापडे ते त्याला पहिल्या नजरेत सापडे. मग यार्डात जायच्या आदल्या दिवशी एका पिवळ्या घाण्याला, म्हणजे एका वेळी बनलेल्या रंगाला, त्याने सख्खा म्हटलं आणि यंत्राने नाही म्हटलं. त्याने पुन्हा बघितलं, पुन्हा सख्खा म्हटलं. साहेबांनी दोन्ही पत्रे हातात घेतले, त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, आणि ते फार मऊ आवाजात म्हणाले की राहू दे, आपण यंत्राचं धरू, उगाच तक्रार नको. इतकंच. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्याने अर्धी रजा टाकली आणि तो पाच महिने वाट पाहिलेली गाडी बघायला यार्डात गेला.

शोरूमचा रिवाज असा की गाडी आली की गिऱ्हाइकाने आधी यार्डात येऊन ती बघायची, कागदावर सही करायची, मग ती धुऊन, पुसून शोरूममध्ये येणार. सही नाही केली तर गाडी त्याच मागणीच्या पुढच्या नंबरला जाते. बहुतेक लोक टायरवर पाय मारून सही करतात, असं यार्डाचा मुकादम म्हणाला. त्याने मात्र पाऊण तास घेतला. आधी लांबून, मग जवळून, मग बसून, पत्र्याच्या रेषेत डोळा आणून. गाडी हवी होती तशीच होती, पाटी वाळायची थांबली होती, आणि त्याच्या छातीत कसलीतरी भीती दाटून आली. एवढं हुबेहूब मिळत नसतं. मग त्याला ते दार दिसलं. त्याने मुकादमाला गाडी फिरवून उभी करायला लावली, उजेडाचा दोष नको म्हणून; तरी दार तसंच दिसलं. तो म्हणाला, हे दार पुन्हा रंगवलेलं आहे. मुकादमाने वाकून बघितलं, हाताने चाचपलं, म्हणाला, “साहेब, मला तर सगळं गाडीच दिसतंय.” बाई फोनवर म्हणाल्या की दुसरी कधी येईल सांगता येणार नाही, विचार करा. तो म्हणाला, विचार झाला. घरी जाताना बसमध्ये त्याला फार दिवसांनी हलकं वाटत होतं. आपल्याला दिसतं. अजून दिसतं.

साडूकडे गाडी आल्याला महिना झाला तेव्हा त्याने कारखान्यातून जाडी मोजायचं यंत्र एका दिवसासाठी मागून घेतलं. हे दुसरं यंत्र, मुठीत मावणारं, याला रंग कळत नाही, फक्त पत्र्यावर रंगाचा थर किती जाड आहे ते कळतं. कंपनीतून आलेल्या गाडीवर साधारण दीड केसाच्या जाडीचा थर असतो, आकडा शंभर-सव्वाशेच्या आसपास. दार पुन्हा रंगवलं असेल तर तो अडीचशेच्या वर जातो, त्यात मताचा प्रश्न नाही. साडू कामावर दुचाकी नेतो, गाडी दिवसभर इमारतीखाली असते, हे त्याला माहीत होतं. गुरुवारी दुपारी बाराला तो तिथे गेला. वॉचमनने त्याला ओळखून मान हलवली. बेबी कामावर होती. इमारतीखाली खांबांच्या मधून स्वच्छ, सावलीचा उजेड येत होता, शेड बघायला याहून चांगला उजेड मिळत नाही. गाडीवर धूळ होती. मागच्या काचेवर कुणीतरी बोटाने तोंड काढलं होतं, हसणारं. त्याने दार उघडून बघता येईल का ते पाहिलं. कुलूप नव्हतं, साडू लावत नसे. रेघ धुण्या-पुसण्यात गेली होती. त्याने दार लावलं, खिशातून यंत्र काढलं आणि आधी छतावर टेकवलं, मग बॉनेटवर, मग पुढच्या पत्र्यावर. एकशे बारा. एकशे नऊ. एकशे चौदा. तो दारासमोर उकिडवा बसला. त्या क्षणी त्याने मनोमन काही मागितलं. दार खोटं निघू दे, असं. साडूचं वाईट व्हावं म्हणून नाही, असं त्याने स्वतःला बजावलं, आणि बजावतानाच ते खोटं आहे हे त्याला कळलं. साडूचंही वाईट व्हायला हवं होतं. गाडीत मोठ्याने हसणाऱ्या त्या तिघांना एकदा कळायला हवं होतं की तुम्ही बसता ते माझ्या टाकाऊत. त्याने यंत्र दारावर टेकवलं. एकशे अकरा.

त्याने जागा बदलली. मुठीखाली एकशे दहा, मधोमध एकशे तेरा, खालच्या कडेला एकशे अकरा. मागचं दार एकशे बारा. त्याने दाराच्या अठरा जागा मोजल्या, जशा घाण्याच्या मोजतात. मग यंत्र खिशात टाकून तो तसाच बसून राहिला आणि दाराकडे बघू लागला, एकदा उजवा डोळा मिटून, एकदा डावा. ते केशर त्याला सापडेना. दार आणि पुढचा पत्रा सख्खे होते. त्याने शांतपणे एकेक संशयित समोर उभा केला, ही त्याची जुनी सवय. गाडी, तर आकडे समोर होते. उजेड, तर यार्डात गाडी फिरवून बघितली होती. मग डोळा. माणसाचा डोळा वयाने पिवळा पडतो हे त्याला माहीत होतं, ती भीती त्याने वर्षभर उशाला घेतली होती. पण डोळा पिवळा पडला असता तर सगळी गाडीच पिवळी दिसली असती, एकटं एक दार कसं दिसेल? डोळ्याचाही दोष नव्हता. उरला तो स्वतः. पाच महिने ज्याची वाट पाहिली ते समोर हुबेहूब येऊन उभं राहिलं, आणि त्यात काही चूक नसेल तर आपला उपयोग काय, एवढ्यासाठी त्याने ती चूक तिथे नेऊन ठेवली होती. आणि बायको तोवर दांडा धरून बसमध्ये चढत होती.

“किती निघालं?”

साडू त्याच्या मागे उभा होता. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातावर काळं ग्रीस. कसलातरी पट्टा घरी राहिला होता तो न्यायला आला होता. केव्हापासून उभा होता कुणास ठाऊक. तो उठायला गेला आणि त्याचा पाय बधिर झालेला होता, म्हणून साडूने ग्रीसचा हात मागे घेत कोपर पुढे केलं, आणि ते कोपर धरून त्याला उभं राहावं लागलं. अडीचशे म्हणायचं ठरवायला वेळ होता. साडूला आकड्यातलं काही कळलं नसतं. तो आकडा त्याच्या तोंडात तयार होता, त्याला चवही होती. पण एकतीस वर्षं यंत्रावर जे दिसलं ते त्याने तसंच वाचून दाखवलं होतं, आणि त्याच्या तोंडून वाचल्यासारखंच बाहेर पडलं. “एकशे अकरा. कंपनीचंच आहे दार. पुन्हा रंगवलेलं नाही.”

“हां,” साडू म्हणाला. “मला वाटलंच, तेच बघत असाल म्हणून.”

त्याने साडूकडे बघितलं. साडू पिशवी खाली ठेवून चिंधीला हात पुसत होता. त्याला सगळं माहीत होतं. शोरूमच्या बाईंनी गाडी देताना सांगितलं होतं की ही एका साहेबांनी दारावरून नाकारली आहे, तुम्हाला चालेल का. आणि कुठले साहेब ते साडूने लगेच ओळखलं होतं. मग घेतलीत कशी, असं त्याने विचारलं. आवाज नको तेवढा चढला. साडूने जरा विचार केला, म्हणजे हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडत होता.

“तुम्ही म्हणालात म्हणजे असणार काहीतरी, असं धरूनच घेतली. मला काय, मला दिसणार नव्हतं. आणि दिसलं असतं तरी साडूभाऊ, दारच आहे ना? उघडतं, लागतं.” मग तो हसला. “आमच्या लिफ्टला सतरा ठिकाणी ठिगळं असतात. लोक वर जातातच की.”

साडू पिशवी उचलून निघाला, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवरून वळून, जणू किल्ली विसरल्यासारखं म्हणाला की ताईंना मी काही बोललो नाही, बेबीलाही नाही, ते तुमचं तुम्ही बघा. त्याला राग आला. तो राग घेऊन तो बसथांब्यापर्यंत चालत गेला आणि तिथे त्याच्या लक्षात आलं की साडूने त्याला एका शब्दाने टोचलं नव्हतं. महिनाभर त्याने ज्या सुखाला टाकाऊ म्हणून हिणवलं होतं त्याला आपलं टाकाऊपण सुरुवातीपासून माहीत होतं, आणि त्याने ते मनावर घेतलं नव्हतं. गाडीचा आता त्याला तितका हेवा वाटेना. त्या मनावर न घेण्याचा वाटू लागला, आणि तो जास्त खोल गेला, कारण ते कुठल्या फॉर्मवर लिहून मागवता येत नाही. घरी गेल्यावर त्याने बायकोला सांगितलं. गाडी आली होती, मी नाकारली, बेबीकडे आहे ती तीच. दाराला काही झालेलं नव्हतं. ती भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली, पदराला हात पुसले. मग म्हणाली, “आता येईल तिला तरी हो म्हणा.” आणि पुन्हा सुरी घेतली. त्या रात्री तिने जेवताना बेबीच्या गाडीचा विषय काढला नाही, हे त्याला तिच्या रागावण्यापेक्षा जड गेलं.

दुसरी गाडी सात आठवड्यांनी आली. बाईंचा फोन आला तेव्हा त्या थोड्या चाचरत बोलत होत्या. साहेब, सगळं तुमच्या फॉर्मप्रमाणे आहे, मी स्वतः जाऊन बघून आले, चष्मा लावून. त्याने अर्धी रजा टाकली आणि साडूला फोन केला. इतक्या वर्षांत त्याने साडूला कशासाठी तरी बोलावल्याची ही पहिलीच वेळ. साडू म्हणाला की अहो मला काय कळतंय गाडीतलं, आणि अर्ध्या तासात आला. यार्डात मुकादम कागद आणि पेन घेऊन उभा होता, त्याने त्याला ओळखलं आणि सवयीने गाडीपासून दोन पावलं मागे सरकला. गाडी पत्र्याच्या छपराखाली, शेवटच्या रांगेत होती. कोपऱ्यातून तिचा मागचा दिवा तेवढा दिसला. तो तिथेच थांबला. त्याने गाडीकडे पाठ केली आणि यार्डाच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिंत साध्या पांढऱ्या चुन्याची होती, तिच्यावर तीन वेगवेगळे पांढरे होते, ते त्याला बघायचे नसतानाही दिसले.

“तुम्ही बघा,” तो साडूला म्हणाला.

“मी?”

“हो. बघा आणि सांगा.”

साडूची पावलं गाडीभोवती फिरत गेलेली त्याने ऐकली. घाईची नव्हती, सावकाशही नव्हती, बागेत फेरी मारावी तशी होती. एकदा टायरवर पाय मारल्याचा आवाज आला. मुकादम खाकरला. एवढ्या वेळात साडूने काय बघितलं असेल, कुठून सुरुवात केली असेल, कुठे थांबला असेल, हे तो मनात मांडत राहिला, आणि त्याला ते मांडता येईना. दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं तर आधी काय सोडून द्यायचं तेच त्याला माहीत नव्हतं. मागे वळावं, एकदाच, दोन दारांच्या फटीवर नजर टाकावी, एवढी साधी गोष्ट होती. त्याने हात खिशात घातले.

“कशी आहे?” त्याने भिंतीला विचारलं.

“छान आहे.”

तो थांबला. त्यापुढे काही आलं नाही. साडूचं बघून झालं होतं.

“आणि दारं?”

“चारही आहेत,” साडू म्हणाला.

मुकादमाला हसू आवरलं नाही. तो स्वतः हसला नाही, पण मागे न वळता त्याने हात लांब केला, कागद घेतला, भिंतीला टेकवला आणि सही केली. सही वाकडी आली, भिंत खडबडीत होती. मग तो वळला, पायाखालच्या फरशीकडे बघत, पाणी चुकवत चालल्यासारखा. साडू तोवर चालकाच्या जागी जाऊन बसला होता, आरसा आपल्याकडे वळवून घेत, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून. आणि त्याच्या तोंडावर या गाडीचं पहिलं सुख होतं, दुसऱ्या कुणालाही मिळायच्या आधीचं. तो उघड्या काचेपाशी येऊन उभा राहिला. उतरा, असं म्हणायचं होतं.

“बसा की,” साडू आतून म्हणाला.

तो गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराकडे गेला.